हैतीतला कॉलरा: मदतीला आलेल्यांकडूनच साथ आली, मग जाब कुणाला विचारायचा?

चांदणवेल:

एका वाडीतून एकाच दिवशी जुलाब-उलटीचे पाच पेशंट आले की आम्ही पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सलाईन लावता लावताच एक माणूस पाण्याच्या टाकीकडे पळवायचो. व्हॉल्व्ह गटारात बुडालाय का, पाइप कुठे फुटलाय, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) शेवटचं कधी टाकलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट पिवळी येते का. सलाईननं आजचा पेशंट वाचतो पण लिकेज सापडलं नाही तर उद्या पन्नास येतात, हे आमच्या शिपायालाही पाठ होतं. अकरा वर्षं सरकारी नोकरीत हेच केलंय, म्हणून हैतीच्या कॉलऱ्याबद्दल वाचायला लागले तेव्हा एका जागी जी अडकले ती अडकलेच. तेवढ्यासाठी धागा काढतेय, लांब झालाय.

आधी मागचं सांगते. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स आणि तिच्या पश्चिमेचा भाग जमीनदोस्त. मृतांच्या आकड्यावर अजून वाद आहे, एक लाखापासून तीन लाखांच्या वरपर्यंत काहीही सांगतात. पंधरा लाखांच्या आसपास लोक उघड्यावर, तंबूत. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मुख्यालयच कोसळलं, त्यांची स्वतःची १०२ माणसं गेली, मिशनचे प्रमुखसुद्धा त्यात गेले. म्हणजे मदत करणारेही ढिगाऱ्याखाली होते, हे विसरून काही बोलायला नको. तरी जगभरातून शेकडो संस्था आल्या, तंबूत ऑपरेशन थिएटर उभी राहिली, टँकर आले, संडास खणले. एवढी माणसं इतक्या दाटीत राहून पहिले नऊ महिने छावण्यांत मोठी साथ आली नाही, हे त्या लोकांचं खरं यश आहे आणि मी ते कमी लेखणार नाही.

साथ आली ती छावण्यांत नाहीच. ऑक्टोबर २०१० मध्ये आली, भूकंपाच्या पट्ट्यापासून लांब, मिर्बाले नावाच्या गावाजवळून. तिथे मेय ओढ्याच्या काठावर शांतिसेनेचा तळ होता. त्या महिन्यात तिथे नेपाळहून नवी तुकडी आली, आणि नेपाळमध्ये नुकतीच कॉलऱ्याची साथ होऊन गेली होती. तळावरचा मैला जवळच्या उघड्या खड्ड्यात टाकायचे, पाऊस आला की तो ओसंडून वाहणार अशी जागा. ओढा पुढे आर्तिबोनीत नदीला मिळतो. देशातली सगळ्यात लांब नदी, खाली सगळी भातशेती, लोक त्याच पाण्यात आंघोळ करतात, कपडे धुतात आणि तेच पितात. १९-२० ऑक्टोबरला नदीच्या खालच्या टोकाला एकदम शेकडो माणसं आडवी झाली, सें-मार्कच्या दवाखान्यात ठेवायला जागा नाही. हैतीत निदान शंभर वर्षं कॉलरा नव्हता, म्हणजे तिथल्या डॉक्टर-नर्सनी तो कधी बघितलेलाच नव्हता आणि कुणाच्या अंगात प्रतिकारशक्तीही नव्हती. तरी हैतीच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेनं दोन-तीन दिवसांत निदान पक्कं केलं, हे मुद्दाम लिहितेय कारण ते कुणी सांगत नाही.

आता मी अडकले ती जागा. तळाकडे बोट गावकऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच दाखवलं होतं. असोसिएटेड प्रेसचा बातमीदार तिथे गेला, त्यानं गळके पाइप डोळ्यानं बघितले. संयुक्त राष्ट्रांचं उत्तर काय, तर तळ नियमाप्रमाणे आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेकडून सांगितलं गेलं की साथ आली कुठून हे शोधणं आत्ता महत्त्वाचं नाही, आधी उपचार. अहो पण साथीत लिकेज शोधणं हाच निम्मा उपचार असतो! पीएचसीतल्या नवख्या डॉक्टरनं असं उत्तर दिलं असतं तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याला उभं केलं नसतं.

शेवटी हैती सरकारनं मागणी केल्यावर रेनो पियारू हे फ्रेंच साथरोगतज्ज्ञ आले. हैतीच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी कुठल्या दिवशी कुठल्या गावात किती पेशंट असा नकाशा मांडला आणि माग त्याच ओढ्यापाशी जाऊन थांबला. मग २०११ च्या मे मध्ये चार तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आला (त्यात आपले जी. बालकृष नायर होते), त्यात ओढ्यात मैला गेला आणि जंतू दक्षिण आशियातला हे आलं, पण दोष कुणा एकाचा नाही, सगळी परिस्थितीच तशी जुळून आली असं लिहिलं. त्याच वर्षी जनुकीय तपासणीत नेपाळचा आणि हैतीचा जंतू जवळपास एकच निघाला. २०१३ मध्ये त्याच चौघांनी लिहिलं की तळाशी संबंधित माणसांकडूनच साथ आली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आठ लाख वीस हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, जवळपास दहा हजार गेले. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती १ डिसेंबर २०१६ ला, सहा वर्षांनी.

मला असं वाटतं की आपल्यावर दोष येईल म्हणून तपास टाळला आणि तपास टाळला म्हणून साथीशी लढणं अर्धवट राहिलं. आंतरराष्ट्रीय संस्था हव्यातच, पण ज्यांच्या गावात त्या जातात त्या माणसांना त्यांना प्रश्न विचारता यायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ:

ताई, लेख आवडला, पण एक गल्लत होतेय. शांतिसेना वेगळी आणि आरोग्य संघटना वेगळी. संघटनेच्या डॉक्टरला सैन्याच्या तळात घुसून संडास तपासायचा अधिकारच नसतो. तिचं बळ ते किती, निम्म्याहून जास्त बजेट देणगीदारांनी सांगितलेल्या कामालाच बांधलेलं. आणि सगळं खापर त्या एका खड्ड्यावर फोडता येईल का? जंतू आला हे खरं पण तो पसरला कारण देशात पिण्याच्या पाण्याची लाइनच नव्हती. १९९८ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं पाणी आणि सांडपाण्यासाठी ५४ दशलक्ष डॉलरचं कर्ज मंजूर केलेलं, ते राजकारणात, अमेरिकेच्या दबावाखाली, कित्येक वर्षं अडकून पडलं. ते नळ वेळेत झाले असते तर?

चांदणवेल:

गोदाकाठ, कर्जाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण संस्था वेगळ्या हे आपल्याला कागदावर कळतं, ओढ्याकाठच्या बाईला निळा झेंडा एकच दिसतो. आणि तळात घुसायचा अधिकार नसला तरी "आम्हाला तळ बघू द्या" एवढं जाहीर म्हणण्याचा अधिकार तर होता ना, तेवढं म्हटलं असतं तरी त्या खड्ड्याकडे कुणाला तरी जावं लागलं असतं.

परसदार:

नमस्कार मॅडम. मी ३१ वर्ष आरोग्यसेवक होतो आता रिटायर. तुम्ही टीसीएल आणि ओटी लिहिलं आणि मला माझी सायकल आठवली, हँडलला टीसीएलची पिशवी आणि खिशात ओटीची बाटली. आमच्या भागात जुनी माणसं कॉलऱ्याला पटकी म्हणायची आणि पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे, नैवेद्य, नारळ, बांगड्या सगळं गाड्यात ठेवून वाजत गाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि शिवेवर सोडून यायचं मग पलीकडच्या गावानं तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. माझे वडील सांगायचे की गाडा पलीकडे गेला की आपलं गाव सुटलं असं वाटायचं पण पलीकडच्या गावात आपलीच लेक दिलेली असायची. तुम्ही लिहिलं ना की दोष कुणा एकाचा नाही असा अहवाल आला, ते वाचून मला तो गाडाच आठवला, ह्याच्या शिवेवरून त्याच्या शिवेवर. वडील वारीला जायचे तेव्हा कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्याशिवाय पुढं सोडत नसत, दंड दोन दिवस सुजायचा तरी लोक टोचून घ्यायचे कारण पटकीनं उठलेली घरं त्यांनी बघितलेली होती. एक विचारायचं होतं, तिथं पेशंट वाचवले कसे, एवढी सलाईन आली कुठून?

चांदणवेल:

काका, गाड्याचं फार बरोबर बोललात.

पेशंट वाचवले ते मात्र याच संस्थांनी, आणि तिथे त्यांना मनापासून नमस्कार. एमएसएफनं (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) आणि क्यूबाच्या डॉक्टरांनी, जे भूकंपाच्या आधीपासून तिथे होते, अक्षरशः जिवाचं रान केलं. हैतीतलीच झानमी लासांते ही संस्था, तिचे गावातले आरोग्य कार्यकर्ते आपल्या आशाताईंसारखे, ते घरोघर गेले. पहिल्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास पेशंट एकट्या एमएसएफनं बघितले. मधोमध भोक पाडलेली खाट, खाली बादली, किती गेलं ते मोजायचं आणि तेवढं परत भरायचं. पन्नास किलोच्या गंभीर पेशंटला तीन तासांत पाच लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन), त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. नाडी लागत नसलेला माणूस संध्याकाळी उठून बसतो, मी स्वतः बघितलंय. बाकीच्यांना ओआरएस. हात धुवायला ०.०५ टक्के क्लोरीन, मृतदेहाला २ टक्के. सुरुवातीला दवाखान्यांत मृत्यूचं प्रमाण फार होतं, नंतर ते एक टक्क्याच्या आसपास आलं. नवीन काही शोधावं लागलं नाही, सगळं पाठ असलेलं काम होतं, फक्त ते योग्य गावात योग्य दिवशी पोचवणारं कुणीतरी लागतं आणि तेच या संस्थांचं काम.

हिरडा:

ओआरएसचा विषय निघाला म्हणून. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस होते. सलाईन संपत आलं, माणसं दवाखान्याच्या फरशीवर. त्यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ड्रमला नळ लावला आणि नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. तेव्हा हे तोंडानं द्यायचं औषध फक्त हॉस्पिटलात, तज्ज्ञांच्या नजरेखाली द्यायचं असं डॉक्टरमंडळींचं मत होतं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आलं.

मला यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ स्वतः बनगावला जाऊन बघून आले आणि मग हे सगळीकडे जायला हवं म्हणून मागे लागले. १९७८ मध्ये संघटनेनं जुलाबाच्या आजारांसाठी मोठा कार्यक्रमच काढला. शोध लागला एका छावणीत पण तो गावोगावच्या मेडिकलमध्ये पुडी होऊन पोचला तो या जागतिक संस्थांमुळे. दोन्ही बाजू मांडायला हव्यात म्हणून लिहिलं.

बोरघाट:

किल्लारीच्या भूकंपात, १९९३ ला, मी बारा वर्षांचा होतो, मावशीचं गाव शेजारीच. आमच्याकडे मदतीच्या खोक्यांत औषधं आली त्यावर कुठल्या भाषेत लिहिलंय तेच कळेना, गावातल्या कंपाउंडरनं ती एका खोलीत बंद करून ठेवली. कुणाचा हेतू वाईट नव्हता पण कुणी विचारलंच नाही की काय हवंय. हैतीत भाषेचं काय झालं?

चांदणवेल:

बोरघाट, हैतीत जवळपास सगळेच लोक क्रेओल बोलतात, सरकारी कामात फ्रेंचही चालतं. तिथे मदतीच्या कामाची वाटणी व्हायची ती "क्लस्टर" बैठकांत, आरोग्याचा एक गट, पाण्याचा एक, निवाऱ्याचा एक. त्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, आणि बऱ्याचशा इंग्रजीत! गेटवर हैतीच्याच माणसाला आत जायला अडचण. पैशाचंही तसंच, भूकंपानंतरच्या तातडीच्या मदतीतला एक टक्क्याच्या आसपास भाग हैती सरकारच्या हातात गेला, बाकी सगळा बाहेरच्या संस्थांकडून. मग परदेशी संस्था गेल्या की मागे काय राहणार? आरोग्य खात्याला ना पगार देता येतो ना गाडीत डिझेल टाकता येतं.

अनवट:

मी कायद्याच्या बाजूचं लिहितो, कारण मला त्यानंच झोप लागली नाही. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पाच हजार पीडितांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे भरपाईचे दावे दाखल झाले. त्यांच्याच १९४६ च्या करारात २९ वं कलम आहे, त्यात लिहिलंय की आमच्यावर कोर्टात खटला चालणार नाही पण त्याऐवजी तंटा सोडवायची सोय आम्ही करू. २०१३ च्या फेब्रुवारीत उत्तर आलं, दावे विचारात घेण्याजोगे नाहीत. बस्स. सुनावणी नाही, मध्यस्थ नाही. मग न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले, तिथे २०१५ मध्ये आणि अपिलात २०१६ मध्ये, दोन्ही वेळा सांगितलं की संस्थेला संरक्षण आहे. म्हणजे तुमच्या गावातल्या बाईचा नवरा आणि दोन मुलं गेली आणि तिनं दार वाजवायचं कुठलं? शांतिसेनेला संरक्षण लागतं हे मला कळतं, नाहीतर प्रत्येक देशातला हुकूमशहा त्यांच्यावर खोट्या केसेस घालेल. पण दुसरा दरवाजा उघडतो असं लिहून देऊन तो उघडलाच नाही हा उघड अन्याय आहे. संयुक्त राष्ट्रांचेच विशेष प्रतिवेदक फिलिप ॲल्स्टन यांनी २०१६ मध्ये याच भूमिकेवर कडक शब्दांत टीका केली, त्यानंतर थोड्याच महिन्यांत माफी आली.

माफीबरोबर ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. पैसे देशांनी स्वखुशीनं द्यायचे होते. जमले ते जेमतेम काही टक्के.

मुक्ता_७७:

नेपाळी जवानांबद्दल कुणी वाईट बोललेलं नाही इथे, बरं वाटलं. कॉलऱ्याचा जंतू पोटात असून काहीच त्रास न होणारे खूप असतात, त्या पोरांना माहीतही नसेल. तपासून पाठवायची आणि तळाचं सांडपाणी नीट जिरवायची जबाबदारी वरच्यांची.

मला कळत नाही ते लसीचं. कॉलऱ्याची लस होती ना तेव्हा?

हिरडा:

होती, आणि आपल्याकडचीच. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची शँकॉल, तोंडावाटे द्यायची, चौदा दिवसांच्या अंतरानं दोन डोस. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०११ च्या सप्टेंबरमध्ये मिळाली. मी याच क्षेत्रात आहे म्हणून तेव्हाचे वाद आठवतात. बऱ्याच तज्ज्ञांचं म्हणणं होतं की लसीवर पैसे घालवण्यापेक्षा पाणी-संडास करा, आणि दुसरी बाजू म्हणायची की नळ यायला वीस वर्षं लागतील, तोवर मेलेल्यांचं काय. २०१२ च्या वसंतात शेवटी राजधानीतल्या झोपडपट्टीत आणि आर्तिबोनीतच्या भातपट्ट्यात लाखभर लोकांना दिली, त्याआधी रेडिओवर "हैतीच्या लोकांवर प्रयोग" अशी आवई उठून मोहीम रखडलेली. इतकं होऊनही नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक दुसऱ्या डोसाला परत आले, उन्हातान्हात. २०१३ मध्ये जगासाठी लसीचा राखीव साठा सुरू झाला त्यामागे हैतीचा अनुभव मोठा आहे. २०१६ च्या मॅथ्यू वादळानंतर आठ लाखांच्या आसपास लोकांना एकेक डोस दिला तो त्याच साठ्यातून.

दुःखाची गोष्ट म्हणजे शँकॉल आता बनत नाही, मधल्या काळात जगात इतका तुटवडा आला की २०२२ पासून साथीत दोनऐवजी एकच डोस द्यायची वेळ आली. २०२४ मध्ये हैदराबादच्याच भारत बायोटेकची हिलकॉल आली.

अवांतर: परळच्या हाफकिनला आपण प्लेगच्या लसीसाठी ओळखतो, पण वाल्देमार हाफकिन हिंदुस्थानात आले ते कॉलऱ्याची लस घेऊन, १८९४ मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी ती टोचली होती.

अनवट:

रेडिओवरच्या आवईवरून. २०१० च्या शेवटी हैतीत जमावानं किमान ४५ माणसं मारली, बरेचसे वूडू या तिथल्या धर्माचे पुजारी, यांनीच पूड टाकून कॉलरा पसरवला म्हणून. रोग कुठून आला हे ज्यांनी सांगायचं ते गप्प, मग लोकांनी आपापलं उत्तर शोधलं. चांदणवेल ताईंचा मुद्दा मला इथे सगळ्यात जास्त पटतो. आपल्याकडेही १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात लोक चिडले होते ते रोगाइतकेच तपासणीच्या पद्धतीवर, घरात घुसणारे गोरे सोजिर आणि विचारायला कुणी नाही.

गोदाकाठ:

हे ४५ लोकांचं मला माहीत नव्हतं. मी वर जे लिहिलं की आरोग्य संघटनेच्या हातात काय होतं, ते थोडं मागे घेतो. खरं बोलणं तरी हातात होतं.

परसदार:

मॅडम, आता तिथं काय परिस्थिती? त्या ओढ्याकाठच्या लोकांना काही मिळालं का?

चांदणवेल:

काका, घरटी भरपाई नाही मिळाली. मिर्बालेपासून सुरुवात करून लोकांशी बैठका घेतल्या आणि पैसे गावाच्या योजनांवर घालायचं ठरलं. जिचा माणूस गेला तिच्या हातात काही आलं नाही.

कॉलऱ्याचा शेवटचा पेशंट २०१९ च्या फेब्रुवारीत सापडला होता, तीन वर्षं एकही नाही, सगळे खूश होते. मग २०२२ च्या सप्टेंबरमध्ये टोळ्यांनी राजधानीतला इंधनाचा साठा अडवला, डिझेल नाही म्हणून पाण्याचे टँकर बंद, दवाखान्यांचे जनरेटर बंद. २ ऑक्टोबरला पुन्हा कॉलरा जाहीर झाला, राजधानीतल्या सिते सोलेय या झोपडपट्टीच्या भागात. एमएसएफनं पुन्हा खाटा लावल्या, तीच भोकाची खाट, तीच बादली. राष्ट्रीय प्रयोगशाळेनं या वेळीही निदान लगेच केलं. पाण्याची लाइन मात्र १९९८ च्या त्या कर्जापासून अजून बऱ्याच लोकांच्या दारात आलेली नाही.

बोरघाट:

त्या ओढ्याचं नाव परत सांगाल का? नकाशात शोधतोय.

चांदणवेल:

मेय. मिर्बाले गाव शोधा, त्याच्या दक्षिणेला दोनेक किलोमीटरवर. तिथून बोट ठेवून पाण्याबरोबर खाली जा, वायव्येला, भाताच्या हिरव्या पट्ट्यातून समुद्रापर्यंत. वाटेत जी गावं लागतील ती सगळी पियारूंच्या नकाशावर आहेत.